रोजची पहिली पत्रिका

नागपूरच्या धरमपेठेत कापडाच्या दुकानाच्या वर ‘ग्रहदर्शन संगणक केंद्र’ होतं. १९८९ सालच्या जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळची गिऱ्हाइकं निघून गेल्यावर दुपारी तिथे कुणी नव्हतं, आणि केंद्राचे मालक कृष्णकांत मोहरील सलग तिसऱ्या दिवशी मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ सुरू करायची खटपट करत होते.

खेळ त्यांच्या साडूनं मुंबईहून पाठवला होता, दोन फ्लॉप्यांवर. पहिल्या दिवशी पडद्यावर नुसते हिरवे तिरके पट्टे आले. केंद्रातली ऑपरेटर शामला हिनं साडूचं पत्र नीट वाचलं तेव्हा कळलं, की खेळ रंगीत पडद्यासाठी बनवलेला आहे. एकरंगी पडद्यावर तो दिसायला हवा तर आधी एक छोटा प्रोग्राम चालवावा लागतो, आणि तो दुसऱ्या फ्लॉपीवर आहे. दुसऱ्या दिवशी चित्र आलं. रस्ता आला, मोटार आली, मोहरील टाळ्या पिटत उठले, तेवढ्यात मशीननं दुसरी फ्लॉपी मागितली. ती घातली की पहिली मागायचं, पहिली घातली की पुन्हा दुसरी. शेवटी थिजूनच गेलं. तिसऱ्या दिवशी शामला म्हणाली, “दोन्ही फ्लॉप्या हार्ड डिस्कवर उतरवून घेऊ, म्हणजे मागायचं कामच नाही.” उतरवायला घेतल्या, तर अर्ध्यावर मशीन म्हणालं, जागा नाही.

“वीस एमबीची डिस्क आहे,” मोहरील म्हणाले. “एवढी जागा गेली कुठं?”

“पत्रिकांनी भरली, साहेब. छापलेली प्रत्येक पत्रिका आपण ठेवून देतो ना. साडेतीन वर्षं झाली आता.”

“मग जुन्या काढून टाक. मी जेवून येतो. आलो की खेळ चालून राहिला पाहिजे.”

मोहरील मनानं वाईट नव्हते. हसरे होते, सणाला मिठाईचा पुडा द्यायचे, शामलाला कधी आवाज चढवून बोलले नव्हते. केंद्र उघडलं तेव्हा नागपुरात संगणकावर पत्रिका काढून मिळते याचंच लोकांना अप्रूप होतं. शामला बी.कॉम. होऊन वर्षभराचा संगणकाचा कोर्स करून पहिल्या दिवसापासून इथे लागली होती. तिचा स्वतःचा पत्रिकेवर फारसा विश्वास नव्हता. पण मशीनवर होता. आकाशातले ग्रह कुठे होते हे मशीन गणित करून सांगतं, त्याचा अर्थ लावणं हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं ती म्हणायची.

मोहरील गेल्यावर तिनं सर्वांत जुन्या फायली शोधायला घेतल्या. तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला आणि धोतर नेसलेले एक वयस्कर गृहस्थ वर आले.

“बाई, मी नत्थूजी भोयर. रामटेकजवळच्या नगरधनचा. मांगच्या साली माह्या पोरीची पत्रिका तुमच्या इथून नेली होती. वाळवीनं खाल्ली ते. तेच पुन्हा छापून पाह्यजे.”

“पुन्हा कशाला लागली?”

“नवी सोयरीक आली नं. पोरगा खापरखेड्याले पावर हाऊसात लागला. त्याईच्या घरी पाह्यतेत पत्रिका.” ते जरा थांबले. “मांगची सोयरीक मोडली होती. मंगळ निंघाला. पोरीनं वरीसभर मंगळवार केले, आता त्याईले दाखवून पाहू म्हटलं.”

शामलानं वहीतून मुलीची माहिती काढली. प्रेमलता, जन्म नगरधन, तारीख, वेळ. एप्रिलमधली नोंद होती, आणि शेजारी लाल शाईत ‘मं’. मशीननं मंगळ दाखवला की जास्तीचं एक पान छापावं लागायचं, म्हणून ती खूण करायची; बाकी कुंडली ती कधी वाचत बसत नसे.

“अर्धा-पाऊण तास लागेल, काका.”

“लागू द्या. तवर बर्डीच्या बाजारातून पोरीले चप्पल घिऊन येतो.”

ते गेले. हजारो फायलींतून जुनी शोधत बसण्यापेक्षा माहिती नव्यानं भरणं सोपं होतं. तिनं भरली. दीड मिनिटात पत्रिका आली, प्रिंटर करकरला, कागद बाहेर पडला. पण फाइल ठेवायची वेळ आली तसं मशीन पुन्हा म्हणालं, जागा नाही. ठीक आहे, तिनं विचार केला, हिचीच एप्रिलची काढून टाकते. दोन्ही एकच तर आहेत.

एप्रिलची फाइल सापडली. पुसण्याआधी नाव तपासावं म्हणून तिनं ती पडद्यावर उघडली.

प्रेमलता नत्थूजी भोयर. तीच तारीख, तीच वेळ, तेच गाव. मंगळ आठव्या घरात.

तिनं हातातला ताजा कागद पाहिला. मंगळ तिसऱ्या घरात.

काही भरायला चुकलं असेल म्हणून तिनं दोन्हींवरची माहिती बोट ठेवून ताडून पाहिली. एक आकडाही वेगळा नव्हता. वेगळे होते ते फक्त ग्रह, सगळेच्या सगळे. मग ती पडद्यावरच्या जुन्या कुंडलीकडे बघत राहिली. ही कुंडली तिनं पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, तिला ती तोंडपाठ होती. लग्नात, म्हणजे पहिल्या घरात, शनी, चौथ्यात चंद्र, आठव्यात मंगळ, अकराव्यात राहू आणि त्याच घरात केतू. ही तिच्या धाकट्या बहिणीची, जयाची कुंडली होती.

प्रेमलता जयापेक्षा पाच वर्षांनी लहान होती. दुसऱ्या गावात, दुसऱ्या महिन्यात जन्मलेली. तरी घर न् घर तीच.

आणि राहू-केतू एका घरात. ते कायम एकमेकांसमोर असतात, हे तर पंचांग न वाचणाऱ्यालाही माहीत असतं. शामलाला माहीत होतं. जयाचा कागद तिनं पन्नासदा हातात घेतला असेल. तिची नजर दर वेळी आठव्या घरावर जाऊन थांबली होती, पुढे सरकलीच नव्हती.

जयाचं असं झालं होतं. सव्वा वर्षापूर्वी, दिवाळीनंतर, मुकुंद नावाच्या मुलाचं स्थळ आलं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. बघण्याचा कार्यक्रम झाला, दोघं बोलली, पुढे दोनदा अंबाझरीच्या तलावावर फिरायला गेली. जयाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही होतं ते शामलानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मुलाच्या आईनं फक्त पत्रिका मागितली. जयाची हातानं काढलेली पत्रिका घर बदलताना हरवली होती. वडील मधुकरराव भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले, नोंदीच्या बाबतीत काटेकोर. ते म्हणाले, “ज्योतिष्याकडे कशाला, शामलाच्या मशीनवर काढू. माणूस चुकतो, मशीन चुकत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी शामलानं केंद्र उघडलं, मशीन सुरू केलं, आणि सर्वांत आधी जयाची पत्रिका काढली. आठव्यात मंगळ. मुकुंदच्या घरून आठवड्याभरात निरोप आला, योग दिसत नाही. मे महिन्यात त्याचं लग्न झालं. तिनं शाळेतल्या नोकरीशिवाय दोन शिकवण्या धरल्या आणि घरात स्थळाचं नाव काढायला बंदी केली.

शामलानं मशीन बंद केलं. दहा आकडे मोजले. परत सुरू केलं. पत्रिकेचा प्रोग्राम आला तशी तिनं स्वतःची जन्मतारीख भरली.

लग्नात शनी, चौथ्यात चंद्र, आठव्यात मंगळ.

पुन्हा बंद, पुन्हा सुरू. आता तिनं मनाला येईल ती तारीख टाकली, गाव टाकलं कलकत्ता. लग्नात शनी, चौथ्यात चंद्र, आठव्यात मंगळ. मशीन बंद न करता तीच माहिती परत भरली, तर सगळं बदललं. तिसऱ्यांदा भरली, पुन्हा बदललं.

प्रोग्राम बेसिक या संगणकाच्या भाषेत लिहिलेला होता. कोर्समध्ये ती बेसिक शिकली होती, पण हा प्रोग्राम उघडून बघावा असं तिला साडेतीन वर्षांत कधी वाटलं नव्हतं. आज तिनं उघडला. एक एक ओळ खाली सरकवत गेली. मध्यावर ती जागा सापडली. तिथे मशीन ग्रहांच्या कोष्टकाची फाइल उघडून त्यातून ग्रहांची स्थानं घेणार होतं. त्याच्या आधी कुणीतरी एक ओळ घुसवली होती: फाइल मिळाली नाही तर थांबू नकोस, खाली जा. आणि खाली, प्रत्येक ग्रहासाठी, एक ते बारामधला कुठलाही एक आकडा. सोंगट्यांच्या खेळात फासा टाकावा तसा. फरक एवढाच की हा फासा रोज सकाळी मशीन सुरू झाल्यावर त्याच क्रमानं पडत होता.

शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप होती. ‘तात्पुरते. फाइल मिळाल्यावर ही ओळ काढणे. मे ८७.’

तिनं डिस्कवर कोष्टकाची फाइल शोधली. नव्हती.

मे ८७. तेव्हा ती कावीळ होऊन तीन आठवडे घरी होती. परत आली तेव्हा मशीन भलतंच चपळ झालं होतं. आधी एक पत्रिका निघायला सात मिनिटं लागायची, आता दीड मिनिटात निघत होती. तिला तेव्हा आनंद झाला होता. मेकॅनिकनं काहीतरी सुधारणा केली असणार, असं तिनं मानलं आणि कामाला लागली. सात मिनिटांचं गणित दीड मिनिटात कसं होतं, हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

मोहरील सुपारी चघळत वर आले. “चालू झाला का खेळ?”

“साहेब, तुमची पत्रिका काढते.”

“माझी? आता?”

तिनं मशीन बंद करून सुरू केलं, त्यांची तारीख भरली, मग जयाची कुंडली उघडून दाखवली, मग प्रेमलताची एप्रिलची. मोहरील आधी हसले. “अरे वा, मलाही मंगळ!” मग हसू हळूहळू ओसरलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

“ग्रहांची फाइल कुठं गेली, साहेब?”

ते पडद्याकडे बघतच म्हणाले, “तू आजारी होतीस तेव्हा बुद्धिबळाचा खेळ आणला होता मी. जागा पुरत नव्हती. एक खूप मोठी फाइल दिसली, नावावरून काही समजत नव्हतं, म्हणून काढली. दुसऱ्या दिवशी पत्रिका निघेचना. लोक बसलेले. बर्डीवरून मेकॅनिक आणला, त्यानं तासाभरात चालू करून दिलं.”

“कसं चालू केलं ते सांगितलं नाही त्यानं?”

“म्हणाला होता. तात्पुरतं आहे, पुण्याच्या कंपनीकडून फाइल मागवून घ्या म्हणाला.”

“मग?”

“राहून गेलं,” मोहरील म्हणाले.

शामलाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ते अगदी साध्या आवाजात बोलले होते, दुधाची पिशवी आणायची राहून गेली असं सांगावं तसे.

“दीड वर्ष झालं, साहेब. सकाळी पहिला येणारा प्रत्येक जण मंगळाचं पान घेऊन गेला. पहिल्या गाडीनं येणारे सगळे बाहेरगावचे. काटोल, उमरेड, रामटेक. माझी बहीण.”

“तुझी बहीण?” त्यांचा चेहरा खरोखर उतरला. “मला काय माहीत, शामला. आई शप्पथ, पोरीचं लग्न मोडेल असं मनातही आलं नाही. दोन-चार ग्रह इकडेतिकडे होत असतील एवढंच वाटलं.” मग क्षणभरानं त्यांनी विचारलं, “कुणाला सांगितलंस?”

“अजून कुणालाच नाही.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ती काय घडतंय ते समजून घेईपर्यंत त्यांनी पत्रिकांच्या कप्प्यात जाऊन सगळं पुसण्याची आज्ञा टाइप केली होती. मशीननं इंग्रजीत विचारलं, खात्री आहे का?

“साहेब, नका.”

“जागा तर करायचीच होती,” मोहरील म्हणाले, आणि त्यांनी होकाराचं बटण दाबलं.

डिस्कचा दिवा लागला आणि बराच वेळ लागलेलाच राहिला. आतून बारीक खरखर येत होती. साडेतीन वर्षांच्या पत्रिका, पहिल्या दीड-पावणेदोन वर्षांच्या खऱ्या आणि नंतरच्या खोट्या, एकाच वेळी गेल्या. शामला काही करू शकली असती. मेनचं बटण भिंतीवर, तिच्या हाताशी होतं. नंतर तिला ते कितीदा आठवलं. त्या वेळी मात्र हातच उचलला नाही.

मग मोहरीलांनी फ्लॉप्या उतरवल्या. त्या एकदाही न अडता उतरल्या. छोटा प्रोग्राम चालवला, खेळ चालवला, आणि तीन दिवस हटून बसलेला तो खेळ सुरू झाला. रस्ता धावायला लागला, मशीनच्या पोटातून मोटारीचा चिरका आवाज यायला लागला. मोहरील पडद्याकडे बघत बसले होते. हात कळांवर होते, पण खेळत नव्हते. मोटार सरळ जाऊन कडेच्या झाडावर आदळली, परत रस्त्यावर आली, परत आदळली.

त्या आवाजात काठीचा आवाज ऐकूच आला नाही. नत्थूजी येऊन बाकावर बसले होते, मांडीवर चपलेचं खोकं.

“झाली का वं बाई पत्रिका?”

मोहरीलांनी वळून शामलाकडे पाहिलं. टेबलावरचा ताजा कागद त्यांनीच उचलून पुढे केला. “झाली. घ्या. मंगळ नाही तुमच्या मुलीला.”

नत्थूजींनी कागद घेतला नाही. “नाही? मंग मांगच्या खेपेले?”

“काका,” शामला म्हणाली. “मागची खोटी होती. ही पण खोटी आहे. मशीन बिघडलं आहे. दीड वर्षापासून मनाला येईल ते छापतं.”

मोहरील उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

नत्थूजींना समजायला वेळ लागला. तिनं पुन्हा सांगितलं, सोपं करून. ते ऐकत होते आणि चपलेच्या खोक्याची दोरी बोटांना गुंडाळत होते, सोडत होते.

“म्हंजे मांगच्या साली पोरीचं मोडलं, ते असंच मोडलं?”

“हो.”

“काही नव्हतंच?”

“होतं की नव्हतं, हेच मशीनला माहीत नाही, काका.”

“वरीसभर जेवली नाही पोरगी मंगळवारची,” ते म्हणाले. “धानाच्या रोवण्यात बी. चिखलात उभी राहे उपाशी. माय म्हणे, खाय वं थोडंसं. नाही म्हणे.” त्यांचे डोळे कोरडेच होते, पण जबडा हलत होता. शामलाला वाटलं आता ते ओरडतील, काठी उगारतील. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

ते उठले. टेबलाशी आले आणि तो ताजा कागद त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.

“याच्यात मंगळ नाही म्हणता नं?”

“यात नाही. पण काका, ही खरी नाही.”

“तुमचा शिक्का आहे खाली.”

“आहे.”

“मंग राहू द्या.” त्यांनी कागदाची घडी केली आणि कोपरीच्या आतल्या खिशात घातली. “एक डाव खोट्यानं मोडलं, एक डाव खोट्यानं जुळू द्या. मी कोणाले सांगत नाही. तुम्ही बी सांगू नका, बाई. मले माही पोरगी उजवू द्या.”

ते जिना उतरून गेले. त्यांना हाक मारावी, कागद परत घ्यावा, असं शामलाला वाटलंही आणि नाहीही. जिन्याच्या तोंडाशी ती कितीतरी वेळ उभी होती. मग तिनं कपाटातून गिऱ्हाइकांची वही काढली, पिशवीत घातली आणि चपला घातल्या. मोहरील खिडकीशी उभ्याउभ्याच म्हणाले, “वही कशाला नेऊन राहिली?” ती जिना उतरायला लागली. त्यांनीही अडवलं नाही.

गोकुळपेठेतल्या घरी जया ओट्यावर बसून शाळेच्या वह्या तपासत होती. ऊन उतरलं होतं. मधुकरराव फिरायला गेले होते. शामलानं सायकल भिंतीला लावली आणि तिथेच, पायरीवर बसून, सगळं सांगितलं. बुद्धिबळाचा खेळ, गेलेली फाइल, फासा, रोजची पहिली पत्रिका. जया लाल पेन हातात धरून ऐकत होती.

शेवटी म्हणाली, “म्हणजे माझी त्या दिवशी पहिली होती म्हणून?”

“हो.”

“माझ्या आधी कोणी येऊन गेलं असतं तर?”

“तर दुसरं काही निघालं असतं.”

जयानं लाल पेनाला टोपण लावलं. मग तिनं विचारलं, “ताई, तू पुन्हा एकदा करून काहून नाही पाहिलं?”

शामलाला कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. खरंच, का नाही? प्रिंटरमधून तो कागद बाहेर आला तेव्हा बहिणीचं सुख मोडतंय हे तिला दिसत होतं, समोर मशीन चालू होतं, आणि पुन्हा एकदा तीच माहिती भरायला दीड मिनिट लागलं असतं. एखाद्या माणसानं सांगितलं असतं तर तिनं चार ठिकाणी विचारून पाहिलं असतं. भाजीवालीच्या वजनावर ती विश्वास ठेवत नव्हती.

“मशीन चुकेल असं वाटलंच नाही,” ती म्हणाली.

“हं,” जया म्हणाली, आणि वह्या गोळा करून आत गेली. दोन दिवस ती शामलाशी बोलली नाही.

रविवारी दुपारी मात्र ती आपण होऊन आली. शामला टेबलाशी पोस्टकार्डांचा गठ्ठा आणि ती वही घेऊन बसली होती. पहिलंच कार्ड अर्धं लिहून अडली होती.

“काय लिहून राहिली?”

“ज्यांना दीड वर्षात पत्रिका दिल्या त्या सगळ्यांना कळवते. तुमची पत्रिका चुकीची आहे, दुसरीकडे तपासून घ्या.”

“सगळ्यांना?” जयानं वही ओढून घेतली आणि उभ्याउभ्याच पानं उलटायला लागली. एका पानावर तिचं बोट थांबलं. मार्चमधली नोंद होती. एका मुलीचं नाव, आणि शेजारी ‘गुणमेलन, ३१ गुण’ म्हणून मुकुंदचं नाव. त्याची आणि त्याच्या बायकोची पत्रिका याच मशीननं जुळवली होती. शामलानंच ती काढून दिली होती. जयाला तिनं ते कधी सांगितलं नव्हतं, आणि आज वही पुढ्यात घेताना ती नोंद आहे हेच विसरली होती.

“हिला पाठवायचं?” जयानं विचारलं. “छत्तीसपैकी एकतीस गुण आले होते, तेही खोटे, असं?”

शामलानं हातातलं पोस्टकार्ड उलटं ठेवलं.

“सातवा महिना आहे तिला. सासूच्या हाती कार्ड पडलं तर काय करेल ती बाई, तुला माहीत आहे.” जया खुर्ची ओढून बसली. बोट अजून त्या नोंदीवरच होतं. “ज्यांचं जुळलं त्यांना नको. ज्यांच्यापुढे लाल ‘मं’ आहे तेवढ्यांनाच लिहू. आण ते पेन, तुझं अक्षर कोणाला लागत नाही.”

दोघी लिहायला बसल्या. चारच्या सुमारास मधुकरराव झोपून उठले, पाणी प्यायला आले, आणि त्यांनी वाळत ठेवलेलं एक कार्ड उचलून वाचलं. जया पटकन उठली, पण उशीर झाला होता. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, “हे कधीपासूनचं?”

“मे सत्त्याऐंशी, बाबा,” शामला म्हणाली.

मधुकररावांनी हिशेब केला. तो करताना त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी जयाकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. “मीच म्हटलं होतं,” ते पुटपुटले. “मीच.” ते आत गेले, आणि रात्रीच्या जेवणाला आले तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

महिनाभर रोज थोडी थोडी लिहून सहाशे चौऱ्याण्णव कार्डं गेली. शामला पुन्हा केंद्रात गेली नाही. मोहरीलांनी पुण्याहून फाइल मागवली, मशीन पुन्हा सात मिनिटं घ्यायला लागलं, आणि कार्ड घेऊन जे कुणी जाब विचारायला आले त्यांना ते पत्रिका नव्यानं काढून देत, हात जोडून. दोघा-तिघांनी पाटी फोडायची धमकी दिली, पण फोडली नाही. शामलाला पुढे एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. मशीननं दिलेलं प्रत्येक उत्तर ती दुसऱ्यांदा करून बघायची, त्यावरून पोरं तिची थट्टा करायची.

जयाची खरी पत्रिका काढून घ्यावी असं मधुकररावांनी एकदा सुचवलं. जया म्हणाली, “नको. मंगळ नसला तर मला रडू येईल, आणि असला तर तुम्हाला बरं वाटेल.”

कार्डांना उत्तरं आली ती नऊ. चौघांनी आभार मानले. तिघांनी शिव्या दिल्या. एकानं विचारलं होतं, की मंगळाच्या शांतीसाठी जे ब्राह्मणभोजन घातलं त्याचं पुण्य तरी मिळेल का. नववं उमरेडहून होतं, अंजनाबाई नावाच्या बाईंचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘कार्ड पोचले. मुलीला मंगळ म्हणून मंगळाचाच मुलगा पाहून वैशाखात दिली. तो चांगला नाही. आता हे तिला सांगू की नको ते कळवा.’

शामलानं ते कार्ड जयाला दिलं. जयानं वाचून परत तिच्यापुढे ठेवलं. दोघी कितीतरी वेळ कोरं पोस्टकार्ड मध्ये ठेवून बसल्या होत्या, आणि काय लिहावं ते दोघींनाही सुचत नव्हतं.